चौकोनातली माणसं

घरात कॉम्प्युटर एक आणि माणसं पाच असली, की त्या कॉम्प्युटरला हळूहळू सामायिक विहिरीचा स्वभाव येतो. पाणी सगळ्यांचं, गाळ कुणाचाच नाही. आमचा कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून बसलेला असतो आणि उन्हाळ्यात त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो. त्याच्या पोटात विजेची बिलं आहेत, मुलाचे शाळेपासूनचे प्रोजेक्ट आहेत, नवऱ्याचे आयकराचे कागद आहेत, कुणी घातलं ते कुणालाच आठवत नाही असं एक अथर्वशीर्ष आहे, आणि या सगळ्याच्या तळाशी फोटो आहेत. ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’, ‘मोबाईल जुना’, ‘मोबाईल जुना खरा’, ‘सगळे फोटो’, ‘सगळे फोटो फायनल’, आणि माणसाच्या आशावादाचं स्मारक म्हणावं असं एक ‘नंतर बघू’. रक्तबीजाचा थेंब जिथे पडे तिथे नवा रक्तबीज उभा राही म्हणतात. आमच्याकडे दर मोबाईल बदलताना कुणीतरी घाबरून सगळं एकदा कॉपी करून ठेवतं, आणि त्या भीतीच्या प्रत्येक थेंबातून एक अख्खं फोल्डर उभं राहतं.

कॅमेऱ्यांनीही या गोंधळाला हातभार लावला आहे. ते फोटोला नाव देत नाहीत, नंबर देतात. आणि तेही चारच आकडी. ०००१ पासून निघालेला कॅमेरा ९९९९ ला पोचला की मागचं सगळं विसरून पुन्हा ०००१ वर येतो, जणू चौऱ्यांशी लक्ष योनींचा एक फेरा संपून दुसरा सुरू झाला. त्यामुळे आमच्याकडे एकाच नंबराचे दोन फोटो आहेत. एकात मुलगी पाळण्यात आहे आणि दुसऱ्यात ती लर्निंग लायसन्स हातात धरून उभी आहे. सासऱ्यांकडे जुना आग्फा क्लिक थ्री होता. त्याच्या एका रोलवर बाराच फोटो निघत. बारा म्हटल्यावर माणूस विचार करतो: कुणाला उभं करायचं, ऊन कुठून येतंय, मागची दोरीवरची धुणी काढायची का. आता विचार करायचा राहिला तो फोटो काढून झाल्यानंतर, आणि तेवढ्याला तर वेळ कुणालाच नाही. म्हणून तो विचार करण्यासाठी एखादं सॉफ्टवेअर नेमावं, असं घरात ठरलं.

एके काळी हे नेमायचं कारणच नव्हतं. पिकासा होतं. गुगलने ते २००४ मध्ये विकत घेतलं आणि फुकट वाटलं, आणि माझ्या पिढीच्या कित्येक घरांत ते पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठोपाठ आलं. त्याची पहिली सवय भाबडी होती. बसवल्याबरोबर ते सगळा कॉम्प्युटर पालथा घाली आणि दिसेल ते चित्र समोर आणून ठेवी. आपण हौसेनं बघायला जावं तर सहलीच्या फोटोंमध्ये पॅनकार्डाची झेरॉक्स, कुणाच्या तरी पत्रिकेचं स्कॅन आणि मुलाच्या खेळातल्या राक्षसांची मुंडकी. पण त्यात एक बटण होतं, आपलं नशीब जोरावर आहे असं जाहीर करणारं. ते दाबलं की काळवंडलेला फोटो उजळायचा. का उजळला, किती उजळला, काही विचारायचं नाही. मला ते बटण फार आवडायचं. आयुष्यात इतक्या कमी ठिकाणी ती सोय आहे. मार्च २०१६ मध्ये गुगलने पिकासाला निरोप दिला. ज्यांच्या कॉम्प्युटरवर ते आधीपासून होतं त्यांच्याकडे ते मागाहूनही चालत राहिलं, आमच्याकडेही चाललं; घरमालक परदेशी गेल्यावरही वाडा झाडत राहणाऱ्या म्हाताऱ्या गड्यासारखं, पगाराची चौकशी न करता. मग जुना कॉम्प्युटरच गेला.

नव्यावर काय बसवायचं याची चर्चा पुष्कळ दिवस चालली आणि तिच्यात घरातल्या प्रत्येकाचा स्वभाव उघडा पडला. नवऱ्याला बदल नको असतो. त्याला इरफानव्ह्यू पुरेसं होतं. ते १९९६ मध्ये इरफान श्किल्यान या, मूळ बोस्नियातल्या आणि ऑस्ट्रियात राहणाऱ्या माणसानं केलं, इतकं चिमुकलं की त्याहून मोठे फोटो आमच्याकडे पोत्यानं आहेत, आणि त्याची खूण म्हणजे हातपाय फेकून पसरलेलं एक लाल मांजर. ‘फोटो उघडतो, बंद होतो. अजून काय पाहिजे?’ हे नवऱ्याचं म्हणणं, आणि त्याला उत्तर देणं अवघड आहे, कारण बहुतेक सुखांची व्याख्या तीच आहे. मुलीला लाइटरूम हवं होतं. ते २००७ मध्ये आलं तेव्हा डब्यात मिळायचं, एकदा पैसे द्यायचे आणि आपलं. आता त्याची वर्गणी भरावी लागते. ‘म्हणजे आपल्याच फोटोंचं भाडं?’ असं नवऱ्यानं विचारलं आणि तो विषय तिथेच मिटला. मुलगा गिंपच्या बाजूचा. ते १९९५ मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहायला घेतलं आणि जगाला फुकट दिलं, हे त्याला तत्त्वतः आवडतं. पण गिंप एका फोटोवर तासन् तास बसणाऱ्याचं हत्यार आहे. हजारो फोटोंचा संसार त्याला सांभाळायचा नसतो, आणि आमच्या मुलालाही नसतो, त्यामुळे त्यांचं जमतं.

राहता राहिलं गुगल फोटोज, जे फोनमधून आपोआप भरतं आणि शोधायला सोपं आहे. २०१५ मध्ये ते निघालं तेव्हा जागेची मोजदाद नव्हती. १ जून २०२१ पासून आकडा लागला आणि मेल, कागदपत्रं, फोटो सगळं मिळून पंधरा जीबीत राहायला सांगितलं गेलं. पण आमच्याकडे ते जागेपायी नाकारलं गेलं नाही. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एवढंच विचारलं होतं की फोटो नेमके असतात कुठे. मुलानं सांगितलं, परदेशातल्या मोठमोठ्या गोदामांत. त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग आपल्याला बघायचे झाले की दर वेळी त्यांच्याकडे मागायचे?’ प्रश्न इतका सरळ होता की इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला मुलगा गप्प झाला.

अखेर निवड झाली डिजिकॅमची. २००१ मध्ये रेंची राजू नावाच्या प्रोग्रॅमरनं ते सुरू केलं, आणि पुढे देशोदेशीच्या हौशी लोकांनी फावल्या वेळात ते वाढवत नेलं. ते फुकट आहे, फोटो घरातच ठेवतं, देवनागरीत लिहू देतं. दिसायला मात्र सरकारी तिजोरी कार्यालयासारखं आहे: चारही बाजूंनी उभी बटणं आणि प्रत्येक बटणामागे आणखी एक दालन. मुलगी म्हणाली, हे वापरणार कोण? झालं असं की ते वापरायला बसल्या आई. दुपारी चहा झाला की चष्मा पुसून त्या कॉम्प्युटरसमोर बसू लागल्या, आणि घरातल्या भूतकाळाचा कारभार पाहता पाहता त्यांच्या हातात गेला.

त्याचं निमित्त चेहऱ्यांचं. डिजिकॅम फोटोंमधले चेहरे शोधतं. रात्रभर पंखा घरघरत ठेवून त्यानं आमचे सगळे फोटो धुंडाळले आणि सकाळी हजारो चौकोन समोर मांडले. प्रत्येक चौकोनात एक चेहरा आणि खाली रिकामी ओळ: हे कोण? त्याची नजर मोठी उदार होती. भिंतीवरच्या कॅलेंडरातला गणपती त्यानं आणला. एका डोहाळजेवणाच्या ताटातले दोन लाडू आणि मधली केळ्याची फोड आणली. जुन्या घरातल्या हॉलचा स्विचबोर्ड तर त्याला इतका आवडला की प्रत्येक वाढदिवसाच्या फोटोतून तो उचलून आणलेला. तीन भोकांच्या सॉकेटमध्ये त्याला कुणीतरी आ वासून बघणारं दिसत असावं. अशा वेळी सोय म्हणून एक बटण असतं. नको असलेला चेहरा दुर्लक्षितांच्या कप्प्यात टाकायचा. लग्नाच्या अल्बमातले अनोळखी चेहरे मुलगी भराभर तिकडे टाकू लागली, तेव्हा आईंनी तिचा हात धरला.

‘हे काय करतेस?’

‘आजी, आपण यांना ओळखत नाही ना. दुर्लक्ष करायचं.’

‘अगं, पण आपल्याकडे जेवून गेलेत ते!’

त्या एका वाक्यानं आमचा सगळा वेग संपला. कारण लग्नात जेवून गेलेला माणूस दुर्लक्षित ठरवायचा नाही म्हटल्यावर वाढपी आले, बँडमधला सनईवाला आला, मांडववाल्याचा पोरगा आला, मुलीकडच्यांचे टोपीवाले आले. आणि आईंना ते आठवत होते. नावानं नाही, पण आठवत होते. ‘जिलबी पानात टाकून मग विचारणारा’ असा एक चौकोन आता आमच्या कॉम्प्युटरवर आहे. ‘लोणावळ्याचे, रुसून गाडीत बसलेले’ असा एक आहे. ‘कुणाबरोबर आली कळलं नाही, पण काम फार केलं’ अशी एक हिरव्या पातळातली बाई आहे आणि ती तीन वेगवेगळ्या कार्यांत सापडली. स्विचबोर्डाला मात्र दुर्लक्षित करायची परवानगी मिळाली. तो जेवला नव्हता.

ओळखीच्या माणसांचं आणखी अवघड झालं. डिजिकॅममध्ये फोटोला पाहिजे तितकी लेबलं लावता येतात, पण चेहऱ्याला नाव एकच. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या घरी माणसाला एकच नाव असणार. आमच्याकडे नवऱ्याच्या आत्या आहेत. त्या आईंच्या ‘वन्सं’, माझ्या ‘आत्या’, मुलांच्या ‘आत्याआजी’, आणि शाळेत शिकवत होत्या म्हणून अर्ध्या गल्लीच्या ‘बाई’. खरं नाव पाळण्यात ठेवलं तेव्हा आणि पेन्शनच्या कागदावर, एवढ्या दोनच ठिकाणी उपयोगी पडलेलं. मुलीनं सुचवलं, सरळ पूर्ण नाव लिहू या. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. आई म्हणाल्या, ‘हे काय रेशनकार्ड आहे?’ शेवटी टायपिंग करणाऱ्याचा हक्क मानला गेला आणि आत्या ‘वन्सं’ म्हणून दाखल झाल्या. आता वन्संच्या वन्सं कोण, हा प्रश्न त्यांच्या भावजयीच्या कॉम्प्युटरवर निघेल, तिथला तो तिथे.

मग आईंना कळलं की लेबलांना फांद्या फोडता येतात, एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. हे ज्ञान त्यांना झालं तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी संध्याकाळचा दिवा मी लावला. त्यांनी दोन बुंधे रोवले. माहेर आणि सासर. माहेरच्या खाली नारायण पेठेतलं बिऱ्हाड, साताऱ्याचे मामा, मामांच्या खाली त्यांची सात, आणि सातांतल्या एकीनं सासरच्या एकाशी लग्न केल्यामुळे तिला दोन्ही झाडांवर बसवावं लागलं. फांदी तिची एका झाडावर, सावली दुसऱ्यावर. आम्ही, म्हणजे त्यांचा मुलगा, मी आणि नातवंडं, यांत कुठेच बसेना. आम्ही ना माहेरचे ना सासरचे. म्हणून तिसरा बुंधा झाला: घर. आणि घराच्या एका फांदीला, जराशी लांब, माझी आई आणि बाबा. तिला नाव ‘व्याही’. माझ्या बाबांचा फोटो हवा असला की मला ‘व्याही’ असं टाइप करावं लागतं. पहिल्यांदा केलं तेव्हा जरा विचित्र वाटलं. जरा वेळानं त्यांचा तो धोतर सावरत हसणारा फोटो आला, तेव्हा लक्षात आलं की तो आमच्याकडच्या कार्यात काढलेला आहे आणि त्यात ते खरोखरच व्याही आहेत. थोडे अवघडलेले, हातात पानसुपारीचं तबक.

आईंचं स्वतःचं मात्र एका नावात भागेना. माहेरी त्यांचं नाव फुलाचं होतं. लग्नात तांदळात दुसरं लिहिलं, ते नदीचं. डिजिकॅमनं त्यांचे चेहरे दोन गठ्ठ्यांत मांडले. एकीकडे दोन वेण्यांची, कॅमेऱ्याकडे संशयानं बघणारी मुलगी, दुसरीकडे कुंकवाची, पदर घेतलेली, कॅमेऱ्याकडे न बघणारी बाई. दोन्ही एकच, असं त्याला सांगता येतं. एका क्लिकचं काम. आईंनी माउस तिथे नेला आणि थांबल्या. मग फुलाचं नाव पहिल्या गठ्ठ्याखाली लिहिलं, नदीचं दुसऱ्याखाली. मुलगी म्हणाली, ‘आजी, पण मग त्याला कसं कळणार दोन्ही तूच?’ त्या म्हणाल्या, ‘त्याला कळून काय करायचंय? साठ वर्षं त्या नावानं कुणी हाक मारली नाही. राहू दे तिला तिच्या घरी.’

तारखांचा अध्याय वेगळाच. डिजिटल फोटोच्या आत एक टिपण दडलेलं असतं, एक्झिफ नावाचं. जपानी कॅमेरावाल्यांनी १९९५ च्या सुमारास त्याचा शिरस्ता घातला. कुठल्या कॅमेऱ्यानं, किती उजेडात, कुठल्या दिवशी, कुठल्या सेकंदाला फोटो काढला ते सगळं त्यात असतं. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो हे टिपण वाटेत गमावून बसतो. म्हणून काकूंनी पाठवलेल्या जुन्या फोटोंना तारीख मिळते ती काकूंना फॉरवर्ड करायची लहर आली त्या दिवसाची. आणि आपण स्कॅन केलेल्या कृष्णधवल फोटोंना मिळते स्कॅनरची. तारखेप्रमाणे लावले की आमच्या घराण्याचा इतिहास असा दिसतो: आधी नातवाची मुंज, मग त्याच्या बापाचं बारसं, त्यानंतर आजी-आजोबांचं लग्न, आणि सर्वांत शेवटी, गेल्या दिवाळीत, पणजोबा कोट घालून मॅट्रिकला बसतात. डोळे किलकिले करून पाहिलं तर यात काही चूक वाटत नाही. आठवणी याच क्रमानं येतात.

पण सॉफ्टवेअरला ते चालत नाही. तारीख दुरुस्त करायची खिडकी उघडली की ते वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद मागतं. आई पंचांगानं सांगत. पंचांगानं म्हणजे पुण्याच्या संकटांच्या पंचांगानं. ‘हा कोयनेच्या भूकंपानंतरचा, हा पोटात होता तेव्हा,’ असं नवऱ्याकडे बोट करून. म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पुढे. ‘हा बहात्तरच्या दुष्काळातला, सुकडीच्या रांगेत मावशी नावं लिहायला बसायची.’ आणि सगळ्यात मोठी खूण पानशेतची. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही गेलं, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांत पाणी माळ्यापर्यंत चढलं. पुण्यातल्या पुष्कळ जुन्या घरांचे अल्बम त्या तारखेनंतर सुरू होतात. त्याआधी त्या घरांत कुणी जन्मलं नाही, हसलं नाही, स्टुडिओत खांबावर कोपर टेकून उभं राहिलं नाही असं नाही. फोटो वाहून गेले. आईंच्या माहेरची एक ट्रंक चिखलात सापडली. तिच्यातले फोटो म्हणे पुढे आठवडाभर गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातलेले होते, धुतलेल्या पूर्वजांसारखे. तर त्या ट्रंकेतल्या फोटोंना मी १९६१ च्या आधीची वर्षं टाकत होते आणि डिजिकॅम सेकंद विचारत होतं. ‘किती वाजले म्हणून सांगू?’ असं मी आईंना गमतीनं विचारलं. त्यांनी फोटोतल्या अंगणातली सावली बघितली आणि म्हणाल्या, ‘साडेचार. मामा चहाला आलेत.’

हे फोटो पाहून मुलीतली कलावंत जागी झाली. पुरातून वाचलेल्या प्रत्येक फोटोवर खालच्या बाजूनं एक तांबूस लाट आहे, पाण्याची. कुठे ती आजोबांच्या जोड्यांपर्यंत येते, कुठे पाटावरच्या बाळाच्या गळ्यापर्यंत. डाग पुसण्याचं हत्यार आता प्रत्येक सॉफ्टवेअरात असतं: शेजारचा स्वच्छ तुकडा उचलून डागावर पांघरायचा. ही करामत लोकांना पहिल्यांदा दाखवली गेली तीसुद्धा एका घरगुती फोटोवरच. फोटोशॉप लिहिणाऱ्या नोल भावांपैकी जॉननं १९८७ मध्ये बोराबोरा बेटावर आपल्या मैत्रिणीचा पाठमोरा फोटो काढला होता, आणि १९९० मध्ये बाजारात येण्याआधी तो नव्या प्रोग्रॅमची जादू दाखवताना तोच फोटो वापरायचा. ती समुद्राकडे बघत बसलेली, आणि हा कंपन्यांच्या खोल्यांत तिची एकीच्या दोन करून दाखवतोय. म्हणजे घरच्या फोटोत ढवळाढवळ करणं हे या शास्त्राचं मूळच. शिवाय आपल्याकडचे स्टुडिओवाले तरी काय करत? निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून सुरकुत्या बुजवत, देवीचे व्रण मिटवत, आणि स्थळाला पाठवायच्या फोटोत तर रंगाची एक छटा न मागता उजळ करून देत. आईंचा स्वतःचा असा एक फोटो आहे. त्यात गालावरचा तीळ नाही. ‘बघायला आले तेव्हा तिळासकट पसंत केलं,’ एवढं त्या सांगतात, पुढचं हसण्यात जातं.

तेव्हा डाग पुसायला आईंचा विरोध असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि तो भावनेचा नव्हताच. त्या शुद्ध ग्रंथपालाच्या सुरात म्हणाल्या, ‘पुसशील तर मग लावायचे कसे?’ डाग आहे तो पुराआधीचा, डाग नाही तो नंतरचा. इतकी वर्षं त्या ट्रंकेतल्या फोटोंची वर्गवारी याच एका लाटेवर चालली होती. मी विचार केला तेव्हा पटलं. एक्झिफ फार तर कॅमेऱ्याचं घड्याळ सांगतं. घड्याळाची बॅटरी गेली की तेही खोटं बोलतं. ही लाट खोटं बोलू शकत नव्हती. नातीला इतकं सहज मान्य होईना. तिनं ट्रंकेतला एक फोटो काढला. फ्रॉकमधल्या आई, सहा-सात वर्षांच्या, म्हणजे पुराच्या कितीतरी आधीच्या, आणि डागाचा मागमूस नाही. ‘हा बघ! तुझी पद्धत चुकली.’ आईंनी फोटो उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. ‘हा साताऱ्याला होता. मामानं नंतर दिला.’ म्हणजे लाट नुसती तारीख सांगत नव्हती, पत्ताही सांगत होती. मुलगा लांबून ऐकत होता, तो म्हणाला, ‘जीपीएस आहे की यात.’ त्यानंच मग तोडगा काढला. डार्कटेबल नावाचं आणखी एक फुकट सॉफ्टवेअर आहे, २००९ पासूनचं. ते मूळ फोटोला हातच लावत नाही. काय काय बदल करायचे ते शेजारच्या छोट्या फाइलीत लिहून ठेवतं आणि दाखवताना तेवढं करून दाखवतं. नात तिकडे पूर ओसरवते. आजी इकडे तो जागच्या जागी ठेवते. एकाच कॉम्प्युटरवर, एकाच फोटोतला.

आता यादी बरीचशी लागली आहे. नवरा अजूनही लाल मांजरावर फोटो उघडतो आणि बंद करतो. मी कधी तरी ‘व्याही’ टाइप करते. वाद झाला तो एकाच नावावरून, आणि त्यालाही वाद म्हणायचं की नाही कोण जाणे. माझे सासरे त्या यादीत आहेत, आणि आई त्यांचं नाव घेत नाहीत. लग्नात, मंगळागौरीला, डोहाळजेवणात उखाण्यात घेतलं तेवढंच. कॉम्प्युटरवर उखाण्याची सोय नाही. म्हणून त्यांच्या चौकोनाखाली त्यांनी लिहिलं: ‘हे’. डिजिकॅमनं मुकाट्यानं ते स्वीकारलं आणि अकारविल्हे लावून टाकलं. ‘ह’ वर्णमालेत जवळजवळ शेवटी, त्यामुळे सासरे सगळ्या वाढप्यांच्या, टोपीवाल्यांच्या आणि लोणावळ्याच्या रुसलेल्यांच्या खाली गेले. आईंना ते बरं दिसेना. त्यांनी नातवाला विचारलं, ह्यांना वर घ्यायचं तर कुठं दाबायचं? त्यानं सांगितलं, नावाआधी आकडा घाल, आकडे अक्षरांच्या आधी येतात. तेव्हापासून ते ‘१ हे’ आहेत.

दोन दिवसांनी यादी उघडली तर त्यांच्याही डोक्यावर एक नोंद. डिजिकॅमला कुत्र्याचा चेहरा ओळखता येत नाही, पण हातानं चौकोन ओढता येतो. मुलीनं आमच्या जुन्या टॉमीभोवती फोटोफोटोत तो ओढला होता, आणि नाव दिलं होतं ‘० टॉमी’. नवरा म्हणाला, हे काढ आधी, बाबांच्या वर कुत्रा? मुलगी आजीकडे बघायला लागली. आईंनी चष्मा वर सरकवला, यादी वाचली.

‘असू दे,’ त्या म्हणाल्या. ‘फिरायला निघायचे तेव्हाही तोच पुढे असायचा.’